चित्र, आवाज आणि ओळीखालची ओळ

आमच्या घरात लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट आहे. धाकट्या मामूंच्या लग्नाची, १९८७ सालची. रत्नागिरीच्या खाडीपलीकडल्या आमच्या गावात आंब्याखाली मांडव घातला आहे. मांडवाच्या कडेला चटईवर बायका बसल्या आहेत. मधोमध नानी, तिच्या मांडीवर ढोलकी. तिचे ओठ हलतात, हात पडतात, बायका टाळ्या वाजवतात. आणि ऐकू येते ते मुंबईच्या एका सिनेमातले गाणे!

शूटिंगवाल्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कॅसेटवर 'मिक्सिंग' करून दिले होते. मूळ आवाजात गोंगाट फार होता, असे त्याचे म्हणणे. त्या गोंगाटाबरोबर निकाहचा खुतबा गेला, काझीसाहेबांनी विचारलेला आणि मामूंनी दिलेला कबुलीचा शब्द गेला आणि नानीची गाणीही गेली. पैसे नेहमीपेक्षा जास्त मोजले म्हणून घरातले सगळे तेव्हा खूश होते. नुकसान काय झाले ते नानीच्या इंतकालानंतर कळले. तिचा चेहरा आमच्याकडे होता, आवाज नव्हता.

पुढे तिचा आवाज सापडला. तो त्या चित्रावर परत बसवण्याची आणि खाली मराठी ओळी देण्याची खटपट आम्ही मावस-मामेभावंडांनी केली. ते काम शिकलो परदेशी मालिकांना हौसेने सबटायटल देणाऱ्या पोरांकडून. खटपट करताना ध्यानात आले की चित्र, आवाज आणि अक्षर यांची जुळवाजुळव हा काही कॉम्प्युटरचा शोध नव्हे. आपल्या मुलखात तिला मोठा इतिहास आहे. तो आधी पाहू.

बोलपटाच्या आधीचे बोलणे

कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तिथले ठाकर लोक चित्रकथी करतात. कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. चित्रांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. चित्र तेच, पण सांगणारा बदलला की कथा बदलायची. समोर मुले असतील तर एका चित्रावर जास्त थांबायचे, म्हातारी माणसे असतील तर दुसऱ्यावर. चित्र आणि आवाज एकत्र येत, पण एकमेकांना जखडलेले नसत.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. दिव्याच्या उजेडाने चित्र पडद्यावर मोठे होई, चित्रे झपाझप बदलल्याने ती हलल्यासारखी वाटत आणि निवेदन व संगीत शेजारी प्रत्यक्ष चाले. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे मराठी माणसाने पडद्यावरचे चित्र आणि माणसाचा आवाज यांची सांगड त्याआधीच घातली होती.

मूकपट आले आणि अक्षरांची पाळी आली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्याच्या आज उरलेल्या भागांत इंग्रजी आणि हिंदी पाट्या दिसतात. पुढच्या मूकपटांत एकाच पाटीवर तीन-तीन, चार-चार लिप्या येऊ लागल्या: इंग्रजी, देवनागरी, गुजराती, उर्दू. पाटी आली की चित्र थांबायचे आणि वाचता येणारा प्रेक्षक न वाचता येणाऱ्यासाठी ती मोठ्याने वाचायचा. पडद्याजवळ पेटी-तबला असायचाच. म्हणजे मूकपटाचे थिएटर मुके नव्हतेच. एकाच चित्राखाली चार भाषा गुण्यागोविंदाने नांदत होत्या आणि प्रत्येक जण आपापली ओळ वाचत होता.

आवाज चिकटला

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलू लागला. वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत त्यात गाणे म्हटले; ते भारतीय बोलपटातले पहिले गाणे. या चित्रपटाचा आवाज चित्राच्या फिल्मवरच, चित्र घेतानाच नोंदवला होता. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून रात्री चित्रण करावे लागे. आज 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. आवाज चित्राला चिकटलेला होता. चित्र गेले, त्यासोबत आवाजही गेला.

बोलपटाने एक नवा पेच उभा केला. पाट्यांवर चार भाषा मावत होत्या, नटाच्या तोंडात एकच मावते. मग दुसऱ्या भाषेच्या प्रेक्षकाचे काय? पहिले उत्तर मोठे खर्चाचे होते: चित्रपट दोनदा करायचा. प्रभात कंपनीचा १९३२चा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घेतला गेला. इराणींच्याच इंपीरियल कंपनीने १९३३ साली मुंबईत 'दुख्तर-ए-लोर' हा पहिला फारसी बोलपट तयार केला, तो इराणच्या प्रेक्षकांसाठी.

दोनदा चित्रपट करण्याच्या या पद्धतीतले एक उदाहरण आपल्या वाचकांनी मुद्दाम आठवावे. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' काढला. गावातल्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या दोस्तीची आणि त्या दोस्तीत पाडलेल्या फुटीची ती गोष्ट. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते, मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारच मिर्झा राहिले आणि हिंदू ठाकूर साकारला मझहर खान यांनी. हिंदू नटाने मुसलमान व्हायचे, मुसलमान नटाने हिंदू व्हायचे! फाळणीच्या मागणीने देशाची हवा तापत होती त्या काळात ही निवड केलेली होती. एक चित्रपट दोनदा केल्यामुळेच ती शक्य झाली.

पण असा खर्च किती दिवस परवडणार? १९३५च्या 'धूप छाँव'मध्ये नितीन बोस यांनी गाणे आधी नोंदवून मग पडद्यावर ओठ हलवण्याची रीत आणली. आवाज पुन्हा चित्रापासून सुटा झाला. एकाच्या तोंडी दुसऱ्याचा गळा चालतो हे प्रेक्षकांनी मान्य केले आणि त्यातूनच डबिंगची वाट सोपी झाली. मूळ आवाज पुसायचा, त्या जागी आपला ठेवायचा.

मुस्तफा अक्काद यांना हे पुसणे नको होते. १९७६च्या 'द मेसेज' या चित्रपटासाठी त्यांनी प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित केला. इंग्रजीत हजरत हमजांच्या भूमिकेत अँथनी क्विन, अरबीत अब्दुल्ला गैस. हिंदच्या भूमिकेत इंग्रजीत आयरीन पापास, अरबीत मुना वासेफ. कोकणातल्या घरांतून मात्र हा चित्रपट पोहोचला तो उर्दू आवाज चढवलेल्या कॅसेटवरून. आम्ही लहानपणी तो तसाच पाहिला. अँथनी क्विन उर्दूच बोलतो, अशी आमची कितीतरी वर्षे समजूत होती!

बैनस्सुतूर

दोनदा करणे महाग आणि पुसणे नुकसानीचे. तिसरी वाट आहे: मूळ जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याच्या खाली आपली ओळ लिहायची. ही वाट आपल्या वाचकांना नवी नाही. घरातला तर्जुम्याचा कुरआन उघडून पाहा. वर अरबी आयत आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात उर्दू तर्जुमा. त्याला नावच 'बैनस्सुतूर', म्हणजे ओळींच्या मधले. दिल्लीच्या शाह रफीउद्दीन यांचा तर्जुमा शब्दाखाली शब्द ठेवणारा, त्यांचेच भाऊ शाह अब्दुल कादिर यांचा उर्दूच्या बोलण्याच्या ढंगात जाणारा. दोन्ही छापले गेले, दोन्ही वाचले गेले आणि दोघांनीही मूळ ओळीला हात लावला नाही. तर्जुमा चुकला तर वाचणाऱ्याला वरची ओळ आहेच.

धर्मग्रंथाची आणि सिनेमाची बरोबरी आम्हांला करायची नाही. मुद्दा रीतीचा आहे. खालची ओळ वरच्या ओळीची जागा घेत नाही, तिच्या सेवेला उभी राहते. सबटायटल म्हणजे दुसरे काय?

भारतीय घरांत सबटायटल आणले ते दूरदर्शनने. १९८०च्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट इंग्रजी ओळींसह लागत. मल्याळम किंवा बंगाली आवाज कानांवर पडायचा आणि अर्थ खालून यायचा. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतले ब्रिज कोठारी यांनी १९९६च्या सुमारास आणखी साधी कल्पना मांडली: ज्या भाषेचे गाणे, त्याच भाषेत खाली शब्द द्या, गाणे पाहता पाहता कमी शिकलेला माणूस वाचू लागेल. आधी गुजरातीच्या 'चित्रगीत'मध्ये आणि मग 'रंगोली'मध्ये ती अमलात आली. मूकपटाच्या थिएटरातला मोठ्याने वाचणारा प्रेक्षक आता उलट्या बाजूने परत आला. आधी तो अक्षरांना आवाज देत होता, आता आवाज अक्षरे शिकवू लागला.

आखाताची टेप

आपल्या रत्नागिरीत ही सगळी यंत्रे समुद्रावाटे आली. कोकणी मुसलमान आधी खलाशी म्हणून जहाजांवर गेला, काही कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला स्थिरावली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कुवेत, दुबई, सौदीची वाट मोठी झाली. सुट्टीवर येणारा माणूस टेपरेकॉर्डर आणायचा, पुढे टीव्ही आणि व्हीसीआर. बायकांना लिहिता येत नसे किंवा लिहिण्यात मन उतरत नसे. म्हणून पत्राऐवजी टेप भरली जायची. घरातले सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसत, एकेक जण सलाम सांगे, मधेच कोंबडा आरवे, अजान होई. गावातला कोणी निघाला की कॅसेट त्याच्या सामानात जाई. तिकडून तशीच कॅसेट येई.

या टेपा म्हणजे आमच्या बोलीचा दफ्तरखाना होता. एवढी कोकणी बोली कोणी कधी लिहिली नसेल. पण कॅसेट महाग, म्हणून ऐकून झाली की तिच्यावरच दुसरे भरायचे. उरले ते कोकणच्या पावसाने आणि बुरशीने खाल्ले. व्हिडिओ कॅसेटींवर तर पांढरी बुरशी चढते आणि ती तशीच लावली तर यंत्राचे डोकेही खराब होते. व्हीसीआर बनवणारी अखेरची जपानी कंपनी २०१६ साली थांबली. आज ज्याच्या घरी जुनी कॅसेट आहे त्याच्याकडे ती वाजवायला यंत्र नाही, अशी स्थिती आहे.

नानीचा आवाज अशाच एका टेपेत होता. १९८७च्या त्या लग्नाला थोरले मामू कुवेतहून येऊ शकले नव्हते, सुट्टी मिळाली नव्हती. त्यांना ऐकवायला म्हणून कोणीतरी चटईच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवला होता. टेप कुवेतला गेली. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या तेव्हा मामू जे थोडे सामान घेऊन परतले, त्यात ती होती. नंतर ती एका पेटीत पडून राहिली. २०२०च्या टाळेबंदीत पेट्या आवरताना ती हाती लागली.

हौशी पोरांचे शास्त्र

त्याच वर्षी रमजानमध्ये घरोघर तुर्की मालिका 'दिरिलिश: एर्तुग्रुल'ची चर्चा होती. ती तुर्कस्तानात २०१४ ते २०१९ या काळात दाखवली गेली. एप्रिल २०२०पासून पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीने ती उर्दू आवाजात दाखवली. पण त्याच्या कितीतरी आधी हौशी मंडळींनी तिला उर्दू आणि इंग्रजी सबटायटल दिले होते. पैसा नाही, नाव नाही. भाग आला की रात्र जागून ओळी लिहायच्या. आमच्यातला एक भाचा तेच पाहत असे. उर्दू आवाजाची प्रत समोर असूनही तो तुर्की आवाजाचीच मागे. 'त्याचा खरा आवाज ऐकायचाय,' एवढेच त्याचे म्हणणे. आम्ही चमकलो. नानीबद्दल आमचे दुसरे काय म्हणणे होते?

अशा कामाला 'फॅनसब' म्हणतात. त्याची सुरुवात १९८०च्या दशकातली, जपानी कार्टूनपटांच्या अमेरिकी चाहत्यांनी केलेली. अमिगा नावाच्या कॉम्प्युटरला 'जेनलॉक' हे यंत्र जोडून चालत्या चित्रावर अक्षरे उमटवायची आणि ती व्हीएचएस कॅसेटवर भरून टपालाने एकमेकांना धाडायची. नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल होता होता चित्र धुरकट होई. अक्षरे चित्रावर कायमची कोरलेली असत. चूक राहिली तर राहिली.

पुढे कॉम्प्युटरच्या फाइलीने ती अडचण सोडवली. डिसेंबर २००२मध्ये 'मात्रोस्का' ही पद्धत पुढे आली. नाव रशियन बाहुलीवरून, जिच्या पोटात दुसरी बाहुली असते. आपल्याकडची उपमा द्यायची तर हा खणांचा डबा. एका खणात चित्र, दुसऱ्यात एक आवाज, तिसऱ्यात दुसरा आवाज, चौथ्यात मराठी ओळी, पाचव्यात इंग्रजी. खाणाऱ्याने हवा तो खण उघडावा. डबा भरणे म्हणजे पुन्हा स्वयंपाक करणे नव्हे. चित्र नव्याने दाबले-आवळले जात नाही, म्हणून त्याचा कस उतरत नाही. एक खण काढून दुसरा बसवला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. चित्रावर कोरलेली अक्षरे म्हणजे मात्र भातात कालवलेली आमटी. वेगळी काढता येत नाही.

ढोलकीवरची थाप

आता आमची खटपट. एका ओळखीच्याकडून चालू व्हीसीआर आणला, बुरशी पुसून घेतली आणि चित्र कॉम्प्युटरवर उतरवले. टेप वेगळी उतरवली. दोन्ही एकत्र लावली तर नानीचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येई.

सिनेमावाले चित्रणाच्या आधी पाटी आपटतात, ती याचसाठी: आपटल्याचे चित्र आणि आपटल्याचा आवाज एका क्षणावर आणायचा. आमच्याकडे पाटी नव्हती, नानीची ढोलकी होती. गाणे सुरू होण्याआधी ती एक जोराची थाप देई. चित्रात हात पडला तो क्षण आणि टेपेत थाप वाजली तो क्षण एकावर एक आणले आणि पहिले गाणे नीट बसले. दुसऱ्यापासून पुन्हा बिघडले.

येथे दोन दोष ओळखावे लागतात. सगळीकडे सारखाच फरक असेल तर नुसते पुढे-मागे सरकवून भागते. फरक वाढत जात असेल तर वेग जुळत नाही असे समजावे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी, पण घरगुती टेपरेकॉर्डर कधीच इतका काटेकोर नसतो. आमची टेप ४५ मिनिटांत २७ सेकंद मागे पडत होती, म्हणजे शंभरास एक. तेवढी ती आखडून घेतली. शिवाय शूटिंगवाल्याने चित्रात मधेमधे कापाकापी केली होती; म्हणून गाण्यागणिक तुकडे करून प्रत्येक तुकडा त्याच्या पहिल्या थापेवर बसवला. जिथे चित्र नव्हते पण आवाज होता, तिथे काळा पडदा ठेवला. आवाज कापला नाही.

सबटायटलवाल्यांनाही हाच त्रास असतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपला टीव्ही २५ चित्रांचा. टीव्हीसाठी तो वेगाने चालवला की दोन तासांचा सिनेमा ४ मिनिटे ४८ सेकंद आधी संपतो. एका प्रतीवरून लिहिलेल्या ओळी दुसरीला लावल्या की अखेरीस नायक मरून जातो आणि त्याचे बोलणे मागून येते.

ओळींची फाइल अगदी साधी असते. अनुक्रमांक, कुठून कुठपर्यंत ती वेळ (तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग) आणि खाली मजकूर. कोणत्याही साध्या संपादकात लिहिता येते. मात्र ती युनिकोडमध्येच साठवावी लागते, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. आमच्यातल्या एकाने डीटीपीच्या जुन्या फाँटात पंधरा पाने टाइप केली होती. सगळी वाया गेली. काही टीव्हींवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, 'ऱ्या' फुटतो. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात, ओळ एका सेकंदाहून कमी किंवा सहा-सातांहून जास्त ठेवू नये, हे आम्ही करता करता शिकलो. वाचणाऱ्याला नानीच्या चेहऱ्याकडे पाहायलाही वेळ मिळाला पाहिजे!

सारंग की सरंगा?

यंत्राचे काम दोन महिन्यांत झाले, भाषेच्या कामाला वर्ष लागले. एका गाण्यात नानी नवरीच्या आजोबांचे वर्णन करताना 'सारंग' असा शब्द म्हणते. आमच्यातल्या एकाला तो राग वाटला. दुसऱ्याने तर 'सरंगा' मासा समजून तशी ओळच लिहून टाकली. अखेर फोनवरून नव्वदीच्या खालांना टेप ऐकवली. त्या खो खो हसल्या. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. मूळ फारसी 'सरहंग'. आमच्या खापरपणजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसे सारंग होती आणि आम्ही त्यांचा मासा केला होता. आम्ही ओळीत 'सारंग'च ठेवला आणि पुढे कंसात अर्थ दिला. तो शब्द सांगणाऱ्या खाला पुढल्या वर्षी अल्लाहला प्यारी झाल्या.

दुसरा प्रश्न मराठीचा. खालची ओळ कुठल्या मराठीत लिहायची? आमच्यातल्या शिकलेल्यांनी पहिल्या खर्ड्यात 'सलाम सांग'चे 'नमस्कार कळव' केले, 'दुवा'चा 'आशीर्वाद' केला. अर्थ चुकला असे कोणी म्हणणार नाही, पण ती नानी राहिली नाही. इकडे मराठी पडद्यावर आणि रंगभूमीवर मुसलमान दाखवायचा तर त्याच्या तोंडी मोडकीतोडकी हिंदी घालण्याची सवय जुनी आहे. रत्नागिरीचा मुसलमान घरात मराठीचीच एक बोली बोलतो, त्याच बोलीत भांडतो आणि लग्नात गातो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हेच म्हणणे होते की मराठी ही आमचीही भाषा आहे. मग ती लिहिताना आम्हीच आमचे शब्द का पुसावेत? आम्ही खर्डा फाडला. सलाम, दुवा, सबूर, खैरियत हे शब्द ठेवले आणि बाकी ओळ सरळ मराठीत लिहिली. केप टाउनच्या नातवंडांसाठी इंग्रजी ओळींचा वेगळा खण केला, त्यातही हे शब्द तसेच आहेत.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. ही आमच्या घरातली कॅसेट होती. दुसऱ्याच्या चित्रपटाला किंवा मालिकेला ओळी लिहून वाटणे हौसेचे असले तरी १९५७च्या कॉपीराइट कायद्याने भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा आहे. परवानगीवाचून ते करू नये. मुलांच्या हाती हे कसब आले आहे ते घरच्या पेट्यांकडे वळवावे, असे आम्हांला वाटते.

दोन आवाज

डबा भरून झाला तेव्हा आम्ही सिनेमाच्या गाण्यांचा खण फेकून द्यायच्या बेतात होतो. ज्यांचे लग्न, त्या धाकट्या मामूंना आधी दाखवले. नानीचा आवाज सुरू झाला तसे ते उठून बाहेर गेले, पाच मिनिटांनी परत आले, पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले. सगळे पाहून झाल्यावर म्हणाले, "आणि ते गाणं कुठं गेलं?"

लग्नानंतर दीड महिन्यात ते दुबईला गेले होते. दर जुम्म्याला खोलीवरच्या सोबत्यांबरोबर ते ही कॅसेट लावत. त्यांच्यासाठी त्यांचे लग्न म्हणजे सिनेमाचे तेच गाणे होते. ज्या आवाजाला आम्ही तेहतीस वर्षांनी चोर ठरवले, त्या आवाजाच्या सोबतीने एका माणसाने परदेशातली वर्षे काढली होती.

आम्ही तो खण परत बसवला. आता डब्यात दोन आवाज आहेत. पहिल्या खणात नानी, दुसऱ्यात सिनेमाचे गाणे. चित्र एकच. पाहणाऱ्याने हवा तो निवडावा. मुलांना आम्ही सांगतो, आधी पहिला ऐका.

आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या तळाशी अशा कॅसेटी पडून असतील. बुरशी वाट पाहत नाही आणि शब्दांचे अर्थ सांगणारी माणसेही फार दिवस थांबत नाहीत. यंदाचा पावसाळा येण्याआधी त्या बाहेर काढा, उन्हात नव्हे, कोरड्या सावलीत ठेवा. वाजवणारे यंत्र शोधा. आणि ज्यांना त्यातले शब्द कळतात त्यांना शेजारी बसवून एकेक ओळ लिहून घ्या.